बसून इस्त्री होत नाही

वहिनींनी नवऱ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. मागितलं ते एक स्टूल. इस्त्रीच्या टेबलाला पुरेल एवढं उंच. पाठ नसली तरी चालेल, जुनं असलं तरी चालेल. आणि त्या एका स्टुलावरून घरात जे महाभारत घडलं, ते ऐकाल तर म्हणाल, यापेक्षा बाईने पाटल्या मागितल्या असत्या तर लवकर मिळाल्या असत्या.

दुकान घरचंच, लॉन्ड्रीचं. पुढे गल्ला, मागे टेबल आणि वाफेची इस्त्री. गल्ल्यावर नवरा बसायचा. बसायचा, हे लक्षात ठेवा. घड्या घालायला नणंद, तीही बसून. आणि सकाळी शटर वर गेल्यापासून दिवेलागणीपर्यंत उभं कोण, तर वहिनी. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. नाव विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती.

रक्तात साखर निघाली, त्याचं घरात कुणाला विशेष वाटलं नाही. हल्ली कुणाच्या नसते? पण पुढे पायांचं सुरू झालं. आधी बोटांना मुंग्या, मग तळव्यांची आग. रात्री अंगावरची चादर पायाला लागली तरी जीव नकोसा व्हायचा. पंख्याचा वारा पायाला टोचतो, असं वहिनी एकदा बोलून गेल्या आणि नणंद हसून हसून कपड्यांच्या ढिगावर आडवी झाली.

"वारा टोचतो म्हणे. वहिनी, तुमच्यासारखी नाटककंपनी शोधून सापडायची नाही."

झालं. त्या दिवसापासून घरात तेच नाव पडलं. नाटककंपनी जेवली का? नाटककंपनीचे पाय आज कसे आहेत? वहिनीही वरवर हसायच्या. न हसून करतात काय, घर तर तेच होतं.

खरं तर दगा पायांनीच दिला होता. दिसायला कसे अगदी धडधाकट. सूज नाही, खरचटणं नाही, काळंनिळं काही नाही. नवऱ्याने एकदा चष्मा लावून दोन्ही तळवे पुढूनमागून पाहिले आणि निकाल देऊन टाकला, "दिसत तर काहीच नाही." बायकोचं जे दुखणं नवऱ्याला दिसत नाही ते नसतंच, असा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण चालतो सगळीकडे.

स्टुलाचा विषय निघाला की त्याचं उत्तर ठरलेलं. "बसून इस्त्री होत नाही. हाताला भार कुठून येणार? कॉलरी लोळत राहतील. गिऱ्हाईक काय तुझे पाय बघायला येतं?"

शेवटी वहिनी एकट्याच दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी नायलॉनचा जाडसर दोरा काढला. म्हणाल्या, डोळे मिटा, पायाला दोरा लागला की हो म्हणा. वहिनींना वाटलं, परीक्षा आहे, पास व्हायला हवं. त्या ठणकावून हो म्हणाल्या. डोळे उघडून बघतात तर दोरा बाईंच्या हातातच होता, पायाजवळसुद्धा गेला नव्हता.

"साखरेने पायांच्या नसा खराब केल्यात," बाई म्हणाल्या. "आग होते ती खोटी नाही. नसांचीच आहे." 

खोटी नाही, हे ऐकून वहिनींना तिथेच रडू आलं. बाईंना वाटलं, आजाराला घाबरल्या. त्यांना काय माहीत, या बाईला कुणीतरी खरं मानलं म्हणून ती रडतेय.

मग पथ्य आलं. साखर आटोक्यात ठेवायची, रात्री झोपायच्या आधी आगीची गोळी घ्यायची, घरातही अनवाणी फिरायचं नाही, चप्पल घालताना आत हात फिरवून बघायचा, आणि रोज आरसा जमिनीवर ठेवून तळवे तपासायचे. जमेल तेवढं काम बसून करायचं, हेही बाईंनी सांगितलं. वहिनींनी घरी येऊन पहिलं तेच सांगितलं. नवरा म्हणाला, "मग डॉक्टरीणबाईंनाच बोलव इस्त्रीला."

तरी वहिनींनी सगळं नेटाने केलं. गोड तोडलं, बिनसाखरेचा चहा प्यायल्या. नवरा समोर बसून फुरके मारत आपला गोडमिट्ट चहा प्यायचा आणि वर घटाघटा पाणी, हल्ली त्याला तहानच फार लागायची. वहिनी आरसा मांडून बसल्या की नणंद म्हणायची, "तोंड बघायचं वय गेलं, आता पाय बघा." गोळीने थोडा उतार पडला. मग हळूहळू आग कमी होत गेली, आणि एके दिवशी वहिनींच्या लक्षात आलं, की पाय दुखतच नाहीत.

खरी मेख इथे आहे. आग शमली नव्हती. आग जिला लागली होती ती नसच मेली होती. डॉक्टरीणबाईंनी दोऱ्याने तपासून हे तेव्हाच सांगितलं असतं. पण वहिनी त्यांच्याकडे गेल्याच नाहीत. कोणत्या तोंडाने जायचं? काही दुखत नाही हे सांगायला?

नवऱ्याला तर आयतंच सापडलं. "बघ, मी काय म्हणत होतो? मनाचे खेळ सगळे." आणि याहून वाईट म्हणजे वहिनींनाही तसंच वाटायला लागलं. असेलही बाई, मनाचाच खेळ असेल. आरसा भिंतीवर गेला, गोळ्यांचे खाडे पडू लागले, चप्पल तपासायची सवय सुटली. स्टुलाचा विषय तर त्यांनी स्वतःहूनच मिटवला.

त्यानंतरची गोष्ट. लॉजच्या पांढऱ्या चादरी आल्या होत्या. टेबलावरून खाली लोंबणाऱ्या एका चादरीच्या कडेला तांबडे डाग दिसले. नवरा नणंदेवर घसरला, नणंद धुणाऱ्यांवर घसरली. चादर पुन्हा धुतली, वहिनींनी पुन्हा इस्त्री केली, पुन्हा डाग. तिघांनी मिळून खिसे उलटे केले, फुटलेलं लाल पेन शोधलं. पेन काही मिळेना. मग नणंदेची नजर फरशीवर गेली. डाग वहिनींच्या मागे मागे चालत होते.

कपड्यांना नंबराची चिठ्ठी टाचायची टाचणी, ती चपलेच्या पातळ तळातून वर येऊन अंगठ्याखाली शिरली होती. आत किती वेळ होती देव जाणे. नणंदेचा चेहरा उतरला.

"दुखत नाही का गं?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर तोऱ्यात म्हणाल्या. इतक्या वर्षांनी नाही म्हणायला मिळालं होतं. दुखत नाही म्हणजे लागलं नाही, असा साधा हिशोब. टाचणी उपटली, चिकटपट्टी लावली आणि उरलेल्या चादरी संपवल्या. त्यांना कुणी बस म्हणालंही नाही.

पुढे पायाला वास यायला लागला, ताप चढला, मग इस्पितळ. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. पाय तरी वाचला, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातं?

वहिनी घरी पडून होत्या तेवढे महिने इस्त्री नवऱ्याच्या गळ्यात पडली, आणि गल्ला नणंदेकडे गेला. वहिनी दुकानात परतल्या तेव्हा टेबलाजवळ स्टूल उभं होतं. नवं, उंच, वर फोमची गादी. अर्धा दिवस वहिनी आणि अर्धा दिवस तो, अशी वाटणी ठरली. वहिनी बसून इस्त्री करू लागल्या. कॉलरी कशा कडक निघाल्या. कोण म्हणालं होतं होत नाही म्हणून?

आता नवरा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "फार सोसलंय हो तिने." नणंद डोळ्यांना पदर लावायची. "कधी तोंडातून ब्र काढला नाही आमच्या वहिनींनी." 

वहिनी ऐकून घ्यायच्या. दुखत होतं तेव्हा नाटक होतं. आता काही दुखत नव्हतं, तर त्यांच्या दुखण्याचं घरभर कौतुक. अंगाचा तिळपापड व्हायचा, पण तो शर्टाच्या पाठीवर निघायचा.

असंच एके दिवशी दुपारी वहिनी जेवून आल्या, तर नवरा इस्त्री बाजूला ठेवून उभा. चप्पल काढलेली, आणि पाय टेबलाच्या लोखंडी पायाला चिकटवलेला, गार लागावं म्हणून. वहिनींनी ते ओळखलं. आग व्हायची तेव्हा त्याही तळवा तिथेच टेकवायच्या. टेबलाचा तोच पाय, तीच जागा.

"अगं," तो म्हणाला, "तळव्यांची जरा आग होतेय. मुंग्याही येतात. थोडा वेळ बसू का तुझ्या स्टुलावर?"

वहिनींनी त्याला गल्ल्याच्या खुर्चीत बसवलं. कनवटीचा चष्मा डोळ्यांवर चढवला, त्याचे दोन्ही तळवे उचलून पुढूनमागून नीट पाहिले.

"दिसत तर काहीच नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मी काय नाटक करतोय?"

शब्द निघून गेला आणि मग त्याचा त्यालाच ऐकू आला. नणंदेने मान खाली घालून झालेलीच घडी पुन्हा घालायला घेतली. वहिनींना बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोला? पण ते फार टिकलं नाही. तो तसाच पाय हातात धरून बसला होता, आणि त्याचं तोंड कसं झालं असेल हे त्यांना न बघताही माहीत होतं. त्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि इस्त्री हातात घेतली.

"उद्या सकाळचा चहा घेऊ नका," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी रक्त द्यायचंय, मी येते बरोबर. आणि येताना वाटेत एक स्टूल घ्या. हे माझं आहे."