बिनदाराची न्हाणी

गोजराबाईला कधी कुणी उलट बोललं नाही असं नव्हतं. बोललं होतं, पण दुसऱ्यांदा नाही. नवरा पुंजाराम तरणाताठा गेला तेव्हा भावकीनं विहिरीच्या पाण्यावर डोळा ठेवला. हिनं मोटारीपाशी खाट टाकली, उशाला विळा घेतला आणि सहा महिने तिथंच झोपली. भावकी गप. मखमलाबादच्या शिवारात तिच्या बांधावरून जाताना अजून लोक खोकलासुद्धा दाबून धरतात.

तर अशा बाईच्या अंगणात, दोन हजार सात साली, दिवाळी होऊन महिना झाला असेल, सगळी वस्ती टीव्हीपुढं बसली होती. लाईट नेमकी गेलेली. म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर टीव्ही लावला होता. कारणही तसंच होतं. गोजराबाईची नात, दहा वर्षांची मोहिनी, गाण्याच्या स्पर्धेत गाणार होती आणि सगळा महाराष्ट्र बघणार होता.

पोरीचा गळा देवानं दिलेला, त्यात शंका नाही. सहा वर्षांची असताना कालिकेच्या यात्रेत एकदा माईकपुढं उभी राहिली आणि गर्दीतल्या बायांचे हात आपोआप जोडले गेले. लगेच देवीच्या गाण्यांची कॅसेट निघाली, ‘बेबी मोहिनी’ असं नाव पडलं, नाशिकभर रिक्षावाल्यांनी ती वाजवून झिजवली. मग बाप झुंबर, गोजराबाईचा लेक, शेती सोडून पोरीमागं लागला. आज इथं कार्यक्रम, उद्या तिथं, आणि वर्षभरापूर्वी मुंबईला खोली घेऊन तिथंच. शाळा सुटली. आई रूपालीच्या कडेवर तान्हं पोर, ती मळ्यात राहिली. “आत्याबाई, लेकरू लहान आहे हो अजून,” एवढंच म्हणाली होती बिचारी. त्यावर गोजराबाईनं तिला झापलं होतं, “नाव काय चुलीपुढं बसून निघतं का गं? जाऊ दे तिला.”

टीव्हीवर मोहिनी आली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गोजराबाईनं पदर सावरला, जसं काही टीव्हीतली माणसं तिलाच बघत होती. पण गाणं सुरू होईना. चकचकीत कोटातला एक पोरगा पुढं आला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, “ही चिमुकली कुठल्या परिस्थितीतून आली, ते आधी पाहू या.”

आणि पडद्यावर दिसली एक झोपडी. कुडाच्या भिंती, वर काळा प्लास्टिकचा कागद, दारात तीन दगडांची चूल.

मागं बसलेली भागीबाई उठून उभीच राहिली. ही पेठकडची, भात काढून झालं की नवऱ्याला घेऊन दरवर्षी मळ्यात कामाला यायची. “अवं बाई, ही तर आमची झोपडी! ती बघा आमची कोंबडी!”

माणसं हसली. गोजराबाईला हसू आलं नाही. तिचं घर सिमेंटचं, वर गच्ची, पुढं लोखंडी फाटक. मागच्या आठवड्यात झुंबर कॅमेरेवाले घेऊन आला होता, तेव्हा ती बाजाराला गेलेली. “मळ्याचं शुटिंग करतो,” म्हणाला होता म्हणे.

“या झोपडीत,” कोटवाला म्हणाला, “आई नसलेलं हे लेकरू वाढलं. मोहिनी चार वर्षांची असताना आई देवाघरी गेली.”

सगळ्या माना रूपालीकडं वळल्या. ती वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिचा हात शेंगेतच राहिला.

“आत्याबाई,” ती बारीक आवाजात म्हणाली, “त्या माणसांना चहा तर मीच केला होता.”

“घोट घोट प्यायले असतील मेलेले,” गोजराबाई म्हणाली. पण शब्दाला नेहमीची धार नव्हती. सुनेच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि भर वस्तीत ती मेली म्हणून सांगतात! असलं अभद्र तिनं कधी ऐकलं नव्हतं.

त्याच्यावर कडी झाली ती पुढंच. कोटवाल्यानं गुडघ्यावर बसून मोहिनीला विचारलं, “बाळा, तुला कोण त्रास द्यायचं?”

पोरगी पुढं बघत होती, कुठंतरी खाली, पहिल्या रांगेत. मग नजर काढून घेतली आणि म्हणाली, “आजी.”

“काय करायची आजी?”

“न्हाणीत कोंडायची. नळ सोडायची आणि त्याच्याहून मोठा आवाज काढ म्हणायची. सूर गेला की बाहेरून कडी लावायची. मग जेवण नाही. भूक लागली म्हटलं की म्हणायची, भरल्या पोटी गळा बसतो.” आणि पोरगी रडायला लागली. टीव्हीतले परीक्षक रडले. बाकावरच्या बाया रडल्या.

गोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या ताटात पहिली भाकरी, जिच्यासाठी साईची वाटी झाकून ठेवलेली, ती पोरगी हे बोलते? तेवढ्यात शेजारची सगुणाबाई, जिचं आणि हिचं बांधावरून जुनं वाकडं, हळूच म्हणाली, “घरोघरी काय चालतं, कुणाला कळतं बाई.”

“सगुणे!” गोजराबाई ताडकन उठली. “तोंड आवर! उठ आणि चल माझ्या न्हाणीत. चला सगळ्या! चार फरशा आणि पुढं जुनेराचा पडदा. पाणी बादलीनं नेतो आम्ही. माझ्या न्हाणीला दारच नाही, तर कडी कुठली लावू? नळ कुठला सोडू? कोंडलं म्हणे! अगं, दार असलेली न्हाणी तर...”

आणि ती तिथंच थांबली.

माणसांना वाटलं, म्हातारीला चक्कर आली. रूपालीनं दंड धरला. गोजराबाईचं तोंड उघडंच होतं. दार असलेली न्हाणी तिनं पाहिली होती. मुंबईच्या त्या खोलीत ती एकदाच गेली होती, गणपतीत, आणि जीव घुसमटला म्हणून संध्याकाळीच परतली होती. तिथल्या न्हाणीला पत्र्याचं दार होतं, आत नळ होता आणि कडी होती ती बाहेरून. तिनं विचारलंही होतं, “झुंबर, आतून लावायची कडी बाहेर कशी रे?” तो म्हणाला होता, “उंदीर येतात गं आई नळीतून.”

उंदीर.

पोरगी खोटं बोलली नव्हती. फक्त नाव दुसऱ्याचं घेतलं होतं. गोजराबाई अंगणातल्या खाटेवर बसली, तर खाट खाली खाली चालल्यासारखी वाटली. स्वतःच्या पोटचा गोळा तो. त्याला तिनं कधी बोट लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच झुंबरचा फोन. आवाजात नुसत्या उकळ्या. “आई, मतं लय पडली! पोरगी पहिल्या तिघींत!”

“बायकोला मारलंस, मला कैदाशीण केलंस,” ती म्हणाली.

“अगं, तसं सांगावंच लागतं तिथं. सुखी पोरीला कोण मत देतं? आता ऐक, त्यांना तू पाहिजेस. स्टेजवर यायचं, चुकले म्हणायचं, मोहिनीनं गळ्यात पडायचं. मग आपल्याला कुणी हरवत नाय.”

एरवी या बोलण्यावर तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, आपली धरून. ती म्हणाली, “येते.”

तो चाट पडला. “खरंच? पण रूपालीला आणू नको हां. ती मेलीय ना.”

गोजराबाईनं जीप केली, धाकट्या लेकराला भागीबाईकडं ठेवलं आणि मेलेल्या सुनेला शेजारी बसवलं. कसारा घाट उतरला. मग रूपालीनं विचारलं, “आत्याबाई, तुम्ही खरंच माफी मागणार?”

“बघू. तू गाडीतून हलू नको. आणि ड्रायव्हरला सांग, तोंड नाशिककडं करून ठेव.”

आत स्टुडिओत एका पोरीनं हातात फाईल घेऊन तिला वाक्यं पढवली. कुठं थांबायचं, कुठं डोळे पुसायचे, सगळं. तिच्या अंगावरचं चांगलं लुगडं उतरवून एक विटकं, ठिगळाचं नेसवलं. गोजराबाई तेही नेसली. मग तिला मोहिनीपाशी नेलं.

पोरगी आरशापुढं बसली होती. गालावर लाली, ओठ रंगवलेले, आणि मनगट असं की दोन बोटांच्या कडीत मावावं. गोजराबाईनं तिला उचललं तर धसकाच बसला. वर्षभरात पोर वाढायची, ही हलकी झाली होती.

“आजी, रागावलीस?” आवाज घोगरा, म्हातारीसारखा.

“नाय गं माझी बाय. पण माझंच नाव का घेतलंस?”

पोरीनं दाराकडं बघितलं. मग कानाशी तोंड आणलं. “त्या फाईलवाल्या ताई म्हणाल्या, कुणीतरी छळलेलं पाहिजे. बाबा समोरच बसले होते. मग तुझं घेतलं. तू लांब होतीस. आणि तुझी भीती नाही ना वाटत.”

ज्या बाईला अख्खं शिवार भ्यायचं, तिला हे दहा वर्षांचं लेकरू म्हणत होतं, तुझी भीती नाही वाटत. गोजराबाईला तिथं रडू आलं असतं, पण डोळे कुठं पुसायचे ते त्या फाईलवालीनं ठरवलं होतं, म्हणून तिनं ते हट्टानं कोरडे ठेवले.

स्टेजवर दिवे असे की दुपारच्या उन्हात उभं राहावं. कोटवाला म्हणाला, “आजी, तुम्हाला काही सांगायचंय?”

खाली पहिल्या रांगेत झुंबर. नवा शर्ट, हात जोडलेले, आधीच रडायच्या तयारीत. तिनं त्याच्याकडं बघितलं. एक बोट उचललं असतं की सगळ्या महाराष्ट्राला कळलं असतं. पण मग काय झालं असतं? हेच कॅमेरे पोरीकडं वळले असते. सांग बाळा, बाबा काय करायचे? परत एकदा सांग. जरा मोठ्यानं रड.

“सांगायचंय,” गोजराबाई म्हणाली. “हिला कोंडलं, ते मी. उपाशी ठेवलं, ते मी. भरल्या पोटी गळा बसतो, हे शब्द माझेच. माझ्यासारखी दुष्ट बाई नाशिक जिल्ह्यात नाही.”

सगळीकडं हुंदके. झुंबरचा चेहरा मात्र उतरला. शब्द न् शब्द ओळखीचा होता त्याला.

“आता हे पाप मला फेडायचंय,” ती म्हणाली. “हिला घरी नेऊन पोटभर जेवू घालायचंय. आत्ताच.” आणि पोरीला कडेवर घेऊन ती पायऱ्या उतरायला लागली.

लोकांना वाटलं, हेही ठरलेलंच. टाळ्यांचा पाऊस पडला. फाईलवाली हातवारे करत धावली. झुंबर वाटेत आडवा आला, दात आवळून म्हणाला, “आई, अजून गाणं बाकी हाय. ठेव तिला खाली.”

“चार कॅमेरे बघतायत बाबा,” ती त्याच्या कानात म्हणाली. “ओढ माझ्या हातातून. दाखव सगळ्यांना.”

त्याचे हात जोडलेलेच राहिले.

जीपमध्ये आईला बघून मोहिनी आधी घाबरलीच. इतक्या लोकांनी सांगितलं होतं की तिलाच खरं वाटायला लागलं असावं. तिनं रूपालीच्या गालाला हात लावून बघितला. मग अशी चिकटली की इगतपुरीपर्यंत सुटली नाही.

पुढं ती गायली का, असं लोक अजून विचारतात. नाही गायली. कधीमधी गुरांना पाणी पाजताना गुणगुणते, आणि कुणी आलं की गप्प होते. झुंबर दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा फाटकावरून परत गेला. आई म्हणून गोजराबाईनं त्याच्यासाठी आत काय भोगलं, ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

तिचं नाव मात्र गेलं ते गेलंच. तो कार्यक्रम चार वेळा दाखवला मेल्यांनी. पंचवटीच्या बाजारात ती कोथिंबीर घेऊन बसली की बाया एकमेकींना कोपर मारतात. परवा एक चष्मेवाली थांबली, निरखून बघितलं आणि भर बाजारात म्हणाली, “तुम्हीच ना हो त्या? नातीला उपाशी ठेवणाऱ्या? लाज नाही वाटली?”

गोजराबाईच्या जिभेवर सतरा उत्तरं आली.

“मीच ती,” ती म्हणाली. “जुडी ताजी हाय. घेता का?”