माझ्या वतीने बोलणारी बाई

आवाज गेलाय माझा, कान शाबूत आहेत! हे वाक्य टॅबमध्ये सगळ्यात वर सेव्ह करून ठेवलंय, कारण ते दिवसभर वाजवावं लागतं. शेजारचा लोटन येतो, माझ्या कानाशी तोंड आणतो आणि बोंबलतो, "आबाऽऽ, जेवण झालं काऽऽ?" अरे, घशाचं ऑपरेशन झालंय माझ्या, कानाचं नाही! मी बटण दाबतो, टॅबमधली बाई हे वाक्य म्हणते. लोटन मान डोलावतो आणि आणखी जोरात ओरडतो, "बरंऽऽ वाटतंय काऽऽ?"

मी आधार. दोंडाईच्याच्या मार्केटात मिरचीचा लिलाव पुकारण्यात माझी हयात गेली. माझी बोली गेटाबाहेरच्या चहावाल्याला ऐकू जायची. धुळ्याला डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याला एक भोक ठेवून त्यात नळी बसवली. आता माझ्या वतीने बोलते ती ही बाई. मी टाइप करायचं, तिने म्हणायचं. आवाज कसा, तर बँकेत टोकन नंबर पुकारतात तसा. मी शिवी लिहिली तरी ती इतक्या सभ्यपणे म्हणते, की ऐकणाऱ्याला आशीर्वाद वाटावा. रागवायचं सुखच गेलं हो माझं!

टॅब दिला मुलीने, मृणालीने. ती धुळ्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन. माझ्या आजारपणापासून रजा काढून घरीच आहे. तिनेच सेटिंगमध्ये शिरून सगळं बसवलं. अक्षरं मोठी केली. माझं बोट थरथरतं म्हणून थोडं दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटायचंच नाही असं केलं. 'पाणी हवंय', 'पंखा बंद करा', 'लघवीला जायचंय' ही रोजची वाक्यं एका बोटावर आणून ठेवली. पोरीच्या चिकाटीला मानलं पाहिजे. मी वैतागून टॅब गादीवर फेकला, की ती काही न बोलता उचलून पुन्हा माझ्या मांडीवर ठेवायची.

पण हे दाबून धरणं म्हणजे जिवाला ताप. अक्षराला थांबा, कान्याला थांबा, मात्रेला थांबा. तोवर समोरचा थांबतो का? छे! 'मला' एवढं उमटलं, की बायको, द्रौपदाबाई, धावतेच. "माले समजनं. तुमले पाणी पाहिजे ना?" नको गं बाई! "मग चहा?" नको! मला म्हणायचं असतं, मला कालची भाजी खारट लागली. ते लिहून होईपर्यंत तिने पाणी आणलेलं असतं, चहा टाकलेला असतो, आणि वर भाजीला नावं ठेवली म्हणून मीच वाईट ठरतो.

एकदा आवाज वाढवायला गेलो, तर आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबली गेली आणि टॅब भलतंच करायला लागला. बोट लावीन ते वाचायचा. "बटण. सुरू करण्यासाठी दोनदा टॅप करा." ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीची सोय म्हणे ती. असेल, चांगलीच असेल, पण माझ्या मागे का? बंद करायला गेलो तर तिने 'बंद' हेही वाचून दाखवलं, झालं मात्र काही नाही. मृणाली अंघोळ करून येईपर्यंत ती बया घरभर बोलत होती.

तर अशा अवस्थेत शिंदखेड्याचे पाहुणे आले, मृणालीला बघायला. मुलगा आकाश, शाळेत क्लार्क, खाली मान घालून बसणारा. बोलायचं सगळं काम त्याच्या काकांकडे, गिरधरभाऊंकडे. हा माणूस श्वास कधी घेतो तेच मला कळेना. द्रौपदाबाईने मला आधीच बजावलं होतं, "तुम्ही उगा राहा. बठ्ठं मी देखी लेसू." म्हणजे मी गप्प बसायचं, सगळं ती बघून घेणार.

जय भीम झालं, पाणी झालं, पोहे झाले. चहाचा कप बशीत ठेवता ठेवता गिरधरभाऊंनी सहज सांगून टाकलं, "बाकी मुलीला नोकरीबिकरी करायची गरज नाही हं आमच्याकडे. लॅबचं ते आता सोडून द्यायचं. घरातच भरपूर काम आहे." आणि वर हसले, जशी काही मेहेरबानीच केली. द्रौपदाबाईने चक्क मान हलवली. मृणाली खाली बघत राहिली.

माझं डोकंच सणकलं. पहाटेच्या एसटीने धुळ्याला जाऊन या पोरीने डिप्लोमा केला. माझ्या आईला अंगठा लावावा लागायचा, आणि तिची नात मशीनवर रक्त तपासते. आणि हा गृहस्थ चहा पिता पिता म्हणतो सोडून द्या! आधीचा आधार असता तर घराचे पत्रे हादरले असते. मी टॅब ओढला. 'मा'. थांबा. 'झी'. थांबा. गिरधरभाऊ कपाशीच्या भावावर गेले. 'मुलगी'. गिरधरभाऊ स्वतःच्या गुडघेदुखीवर गेले. मला दरदरून घाम फुटला. शेवटी एकदाचं वाक्य पुरं झालं आणि बोट घसरून भलत्याच बटणावर पडलं.

"लघवीला जायचंय," टॅबमधली बाई म्हणाली.

आकाश बिचारा मला धरायला उठला. अरे, बस रे बाबा! मी त्याचा हात बाजूला केला आणि खरं वाक्य वाजवलं. नेमके तेव्हा गिरधरभाऊ चहात साखर किती घालता ते विचारत होते.

"माझी मुलगी नोकरी सोडणार नाही."

गिरधरभाऊ हसले. "मशीन भारी आहे हो आधारभाऊ तुमचं! हां, तर मी काय म्हणत होतो..."

मी पुन्हा दाबलं. "माझी मुलगी नोकरी सोडणार नाही." ते आवाज चढवून बोलायला लागले. मीही आवाजाचं बटण चढवलं आणि पुन्हा दाबलं. या बाईचा एक गुण त्या दिवशी मला पहिल्यांदा आवडला. ती थकत नाही आणि तिचा घसा बसत नाही. त्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं, की मी दाबायचो.

"बाबा, बस करा!" मृणाली ओरडली. "कुठली नोकरी? नोकरी आहेच कुठे?"

माझं बोट तिथेच थांबलं.

"तुमच्या ऑपरेशननंतर रजा वाढवून मागितली. ते म्हणाले, यायचं तर ये, नाहीतर येऊच नको. तुमची गळ्याची नळी कोण साफ करणार होतं? आईचे हात कापायचे. नाही गेले मी. त्यांनी दुसरी मुलगी ठेवली."

मी द्रौपदाबाईकडे पाहिलं. ती कोरडीच बशी पदराने पुसत होती. म्हणजे हिलाही माहीत होतं.

"झालं तर मग!" गिरधरभाऊ खुशीत आले. "प्रश्नच मिटला!"

मिटला? एवढी शिकलेली पोर माझी नळी साफ करत बसली, नोकरी घालवून बसली, आणि याचा प्रश्न मिटला! नवं वाक्य लिहायला कुणाला धीर होता? होतं तेच दाबलं.

"माझी मुलगी नोकरी सोडणार नाही."

"अहो, पण नोकरीच नाही ना आता!" गिरधरभाऊ वैतागले.

मी पुन्हा दाबलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलं आणि पुन्हा दाबलं.

मृणाली माझ्याकडे बघत राहिली. मग पाहुण्यांकडे वळली. "बाबा बरोबर बोलताहेत, काका. गेली ती गेली. मी दुसरी शोधणार आहे, आणि मिळाली की ती सोडणार नाही. चालत असेल तर बोला."

गिरधरभाऊ उठले. "कळवतो," म्हणाले. कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. आकाश दारात थबकला, मृणालीकडे बघून काहीतरी बोलणार होता. "चला, निघतो आम्ही," त्याचं वाक्य काकांनीच पुरं केलं.

ते गेल्यावर मी लिहायला घेतलं. मृणाली समोर येऊन बसली. मधे काही बोलली नाही, पाणी हवंय का विचारलं नाही. माझं सगळं लिहून होईपर्यंत थांबली.

"मला का नाही सांगितलं?" टॅबमधल्या बाईने विचारलं, नेहमीसारखंच सभ्यपणे.

"काय सांगणार?" मृणाली म्हणाली. "तुम्ही म्हणाला असता, 'मग जगवलंत कशाला मला? पोरीची नोकरी खाऊन जगायचं होतं का मी?'"

मी 'नाही' लिहायला घेतलं. 'न' उमटला. कान्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मग मी तो 'न' खोडून टाकला. शब्दन् शब्द हेच म्हणालो असतो मी.