नावेवर वाळत घातलेली मिरची

"पटणार न्हाय तुमास्नी, आधीच सांगतो," असं म्हटल्याशिवाय कसबा बावड्याच्या गुंडूअण्णानं आयुष्यात एक गोष्ट सांगितली नसेल. बाजारात दोडका चांगला मिळाला तरी सुरुवात हीच. त्याचा परिणाम असा झाला, की गल्लीनं त्याचं पहिलं वाक्य खरं मानलं आणि पुढचं सगळं सोडून दिलं.

तेव्हा ही नावेची गोष्टही कुणाला पटणार नाही. न पटो. नाव आहे, तिच्या अंगावर लाल ठिपके आहेत, आणि ते ठिपके कसे आले हे निदान तीन माणसांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांतल्या दोघांच्या डोळ्यांतनं त्या वेळी पाणी वाहत होतं, ते सोडा.

गुंडूअण्णानं चौतीस वर्षं ट्रॉलीच्या कारखान्यात रंगकाम केलं. उसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, आणि मागच्या फाळक्यावर मोर. त्याची एकुलती एक लेक प्रेरणा शिरोळकडं कृष्णाकाठच्या गावात दिलेली. मागल्या पुरात तिच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं आणि घरची सगळी माणसं दीड दिवस गच्चीवर नावेची वाट बघत बसली. फोनवर लेकीचा आवाज ऐकला आणि गुंडूअण्णाच्या तोंडून निघून गेलं, की पुढच्या पुराला बापाची नाव दारात असेल. बोलून तर गेला. मग रात्रभर तळमळला. आपण बोललेलं खरंही करावं लागतं, असा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदाच आला होता.

कुठल्याशा बंद पडलेल्या बोटिंग क्लबाच्या भंगारात त्याला ही नाव घावली. फायबरची, सपाट बुडाची, चौदा फुटी. एका काठावर 'फक्त सहा माणसे' एवढं वाचता येत होतं. बुडावर पाणी भरलेले फोड होते आणि हात फिरवला की तळव्याला चुना लागल्यागत पांढरं लागायचं.

नाव आल्याचं कळल्यावर व्याही विरूपाक्ष मुद्दाम बघायला आला. हा माणूस बोलायचा कमी, आणि बोलला की समोरच्याला आठवडाभर पुरायचा. सीमेकडच्या सवयीनं तो व्याह्याला 'बीगर' म्हणायचा. त्यानं नावेभोवती एक फेरी मारली, कलिंगड वाजवून बघावं तशी टिचकी मारून बघितली आणि गुंडूअण्णाच्या बायकोनं, निर्मलाकाकूंनी, दिलेला चहा संपवून मगच तोंड उघडलं.

"बीगर, ही काय पाण्यावर ऱ्हायची न्हाय. पण पाणी हिच्यात ऱ्हाईल. आमच्या म्हशींस्नी डोण पाहिजेच हाय."

तिथल्या तिथं ठरलं. मृग लागायच्या आदल्या रविवारी विरूपाक्ष ट्रॅक्टर घेऊन येणार. नाव नदीत तरंगली तर गच्चीवर बांधायची, नाही तरंगली तर गोठ्यात म्हशींपुढं मांडायची. आणि गोठ्यात गेली तर ती तिथं कशी आली, हे विरूपाक्ष गावात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला शांतपणे, न हसता सांगणार, याबद्दल गुंडूअण्णाला तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रेरणाचा फोन आला. म्हणाली, "पप्पा, डोण झाली तरी मला चालंल. पण मामंजींसमोर काय वाढवून सांगू नका. हितल्या बायका मला विचारत्यात, तुझ्या वडलांची मागली गोष्ट खरी हुती का म्हणून. मी काय सांगू?"

गुंडूअण्णानं शब्द दिला. आधी काहीही न जोडता, नुसता शब्द.

अंगणात ट्रॅक्टरच्या चार जुन्या टायरांवर नाव उलटी पडली आणि काम सुरू झालं. आधी जुना रंग घासून काढायचा, पाणी मारत, पॉलिश पेपरनं. मग एकेक फोड पटाशीनं उघडायचा. फोडातनं आंबूस वासाचं पाणी यायचं. एका फोडातनं जिवंत मासोळी निघाली असं गुंडूअण्णानं स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं. निर्मलाकाकूंनी कणकेवरची नजर न उचलता विचारलं, की मग सोडली कुठं. त्यावर त्यानं विषय बदलला.

फायबरची धूळ फार वाईट. दिसत नाही, पण काचेची कुसं अंगात शिरल्यागत चार दिवस खाज जात नाही. गुंडूअण्णा खोबरेल फासून हात पसरून झोपायचा. पण काम मात्र त्यानं नेटकं केलं. खड्डे रेझिननं आणि फायबरच्या मॅटनं भरले, पुट्टी मारली, पुन्हा घासलं, आणि मग बूड नीट वाळावं म्हणून मे महिन्याच्या उन्हात तीन आठवडे तशीच सोडली.

घोटाळ्याचं मूळ या तीन आठवड्यांत आहे. कंबरेएवढ्या उंचीवर, दिवसभर उन्हात, शेळी-कोंबडीच्या तोंडाला न लागणारी अशी सपाट जागा दुसऱ्याच्या अंगणात असती तर निर्मलाकाकूंनी मागून घेतली असती. ही तर आपल्याच दारात, आणि सगळं अंगण अडवून बसलेली. त्यांनी धुतलेली साडी अंथरली आणि सांडगे घातले. मग कुरडया. मग शेजारच्या चिमणाबाई आपले पापड घेऊन आल्या. त्या नावेत पूर्वी सहा माणसं बसत असतील, आता तिच्यावर गल्लीतल्या चार घरांचं वाळवण बसलं. ठराव असा झाला, की सकाळी नवापर्यंत नाव गुंडूअण्णाची, नंतर बायकांची.

मिरची तेवढी राहिली होती. वर्षाच्या चटणीची, पाच किलो, ब्याडगी आणि संकेश्वरी मिसळून, देठं खुडून ठेवलेली.

रविवार तीन दिवसांवर आला, तेव्हा गुंडूअण्णानं शेवटचं काम काढलं. नावेला वरून जो चकचकीत थर असतो त्याला जेलकोट म्हणतात. तो विकणाऱ्या पोरानं डबा देताना सांगितलं होतं, की काका, शेवटच्या हाताला यात मेण घालायचं विसरू नका. चौतीस वर्षं रंगात बुडालेल्या माणसाला काल मिशी फुटलेलं पोर शिकवतंय, याचंच गुंडूअण्णाला हसू आलं. रंगात मेण घालून काय वात लावायची, असं विचारून तो डबा घेऊन घरी आला. पहाटे उठून त्यानं हार्डनर मिसळला आणि उन्हं यायच्या आत तीन हात मारले. नऊ वाजता नाव अशी लखलखली, की बघणाऱ्यानं भांग पाडून घ्यावा.

निर्मलाकाकू मिरचीचं टोपलं आणि साडी घेऊन बाहेर आल्या. वाळलंय का, एवढंच त्यांनी विचारलं.

आता बोट लावून बघायला किती वेळ लागतो? पण अनुभवी रंगारी बोट लावत नाही, नुसतं बघून सांगतो, हा गुंडूअण्णाचा जुना नियम. तो म्हणाला, "माझा रंग अर्ध्या तासात वाळला न्हाय, असं कधी झालंय? ताटापेक्षा स्वच्छ हाय. साडी कशाला, तशीच वत."

आणि पायात चपला सरकवून तो कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याकडं गेला, कारण एवढी चकाकी घरात ठेवून भागणार नव्हतं. तिथं त्यानं सांगितलं, की कावळ्यानं नावेत आपलं तोंड बघितलं आणि लाजून उडून गेला.

दुपारी निर्मलाकाकू मिरची परतायला गेल्या. मिरची हालेना.

त्यांनी एक उचलायला बघितली. टोक हातात आलं, बाकीची तिथंच. दुसरी, तशीच. त्यांनी गुंडूअण्णाला हाक मारली ती अशी, की गाड्यावरची माणसंही त्याच्यामागून आली. त्यांना तसंही चकाकीत तोंड बघायचं आमंत्रण होतंच. अंगणात येऊन सगळे नावेभोवती उभे राहिले. पांढरी नाव नव्हतीच तिथं. टोकापासून टोकापर्यंत लालभडक, सुरकुतलेली, उन्हात कडक झालेली पाच किलो मिरची नावेच्या आकारात बसली होती. त्यातल्या एकानं आदरानं विचारलं, की ही नवीन फॅशन का.

निर्मलाकाकू रिकामं टोपलं उचलून आत गेल्या. गुंडूअण्णाला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

शुक्रवारी त्यानं मिरच्या ओरबाडून काढल्या. सालं निघाली, बिया राहिल्या. बिया काढल्या तर सालं राहिली. शेवटी भाड्यानं घासायचं मशीन आणलं आणि बटण दाबलं.

पुढचं पटणार नाही. पहिला ठसका गुंडूअण्णाला लागला, दुसरा खिडकीतनं बघणाऱ्या चिमणाबाईंना, तिसरा त्यांच्या शेळीला. तिथून तो गल्लीत उतरला. दूधवाला गाडी सोडून पळाला. मुख्य रस्त्यानं लग्नाची वरात चालली होती, त्यातल्या ट्रम्पेटवाल्याला ऐन सुरात शिंक आली आणि त्या शिंकेवर पोरं वीस मिनिटं नाचली. असं गुंडूअण्णा सांगतो. चिमणाबाईंच्या शेळीपर्यंतचं खरं आहे.

तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून शेवटी केरबा आला. मागल्या गल्लीत तो फायबरचे पुतळे करायचा. त्यानं नावेचा मिरची निघून मोकळा झालेला एक कोपरा बोटानं दाबला, बोट चिकटलं, ते सोडवून घेत तो म्हणाला, "अण्णा, ह्यो रंग न्हवं. ह्याला हवा लागली की ह्ये वरनं चिकटच ऱ्हातंय. शेवटच्या हाताला मेण घालावं लागतंय. सांगितलं न्हाय व्हय कुणी?"

गुंडूअण्णानं मशीन खाली ठेवलं. उत्तरं चार तरी तयार होती, त्यातलं एक तर फारच चांगलं होतं. पण रविवार परवावर आला होता, डोळे चुरचुरत होते, आणि लेकीला दिलेला शब्द आठवला होता.

"सांगितलं हुतं," तो म्हणाला. "मला कळलं न्हाय."

घरात भांडी घासायचा आवाज थांबला. निर्मलाकाकू उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि दोघांना ताक घेऊन आल्या.

शनिवारी केरबानं उभं राहून मेण घातलेला शेवटचा हात मारून घेतला. संध्याकाळपर्यंत तो ओला होता, मग कडक वाळला. नाव पुन्हा पांढरी झाली. नीट बघितलं तर मात्र दह्यात तिखट भुरभुरावं तशी आतनं लाली दिसायची, बुडावर आणि बाजूनं काठापर्यंत. ती काढायला आता वेळ नव्हता.

रविवारी विरूपाक्ष ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला, बरोबर प्रेरणा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पंचगंगेचं पाणी संथ होतं. चार माणसांनी नाव पाण्यात सोडली. गुंडूअण्णाला पोहता येत नव्हतं, तरी पहिला तो बसला. त्याच्या मागोमाग, कुणी न सांगता, निर्मलाकाकू चपला हातात घेऊन चढल्या आणि पदर सावरून बसल्या. वल्हं प्रेरणानं घेतलं. पूर ओसरल्यावर तिनं ते शिकून घेतलं होतं. विरूपाक्ष शेवटी आला. देहानं मोठा असल्यामुळं नाव एकदा हलली, मग सावरली. त्यानं कोटाच्या खिशातनं वर्तमानपत्र काढलं, नावेच्या तळाशी पसरलं आणि त्यावर दोन्ही पाय ठेवून बसला.

पैलतीर आला. नाव वळली. गुंडूअण्णा वर्तमानपत्राच्या कडेकडं बघत होता. आयुष्यात त्यानं एवढ्या लक्षपूर्वक पेपर बघितला नव्हता. ऐन मध्यावर विरूपाक्षनं पाय उचलले, कागद वर घेतला, दोन्ही बाजूंनी चाचपला. उन्हाकडं धरून बघितला. मग चार घड्या घालून खिशात ठेवला.

"नाव हाय," तो म्हणाला. "गच्चीवर बांधू."

प्रेरणा वल्हं थांबवून बापाकडं बघून हसली. गुंडूअण्णाच्या छातीवरचा टँकर उतरला. इथं तो गप्प बसला असता तर माणसाला आणखी काय हवं? पण विरूपाक्षनं काठावरून वाकून पाण्यालगतच्या अंगावर नखानं खरवडलं आणि सहज विचारलं, की बीगर, ह्यात लाल लाल काय हाय.

प्रेरणानं हळूच नको म्हणून मान हलवली. गुंडूअण्णाला ती दिसली. खरं उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते जिभेवर आलंही होतं. पण जीभच ती.

"पटणार न्हाय तुमास्नी," तो म्हणाला.

आणि सुटला. ही औषधी लाली आहे. तुमच्याकडं कृष्णेत मगरी, लेकीला त्यांचं भय नको, म्हणून जेलकोटात मुद्दाम मिसळली. परवा शनिवारी, म्हणजे कालच की, इथंच चाचणी घेतली. ट्रॉलीएवढी मगर आली, तिनं नावेला तोंड घातलं आणि जागच्या जागी थांबली. डोळ्यांतनं धारा. मग जी उलटी फिरली ती पाणी पीत पीत खालच्या अंगाला शिरोळकडं गेली, आणि तिच्या पिण्यानं बंधाऱ्यापाशी पाणी चार बोटं उतरलं.

विरूपाक्षनं डोळ्याची पापणी हलवली नाही. मगर कुठल्या बाजूनं आली, एवढं त्यानं गंभीरपणे विचारलं.

गुंडूअण्णाच्या गोष्टीला आजवर कुणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. त्याचा ऊर भरून आला. त्यानं बाजू दाखवली, मगरीचे दात मोजून सांगितले, आणि जाता जाता तिनं पुढचे दोन पाय जोडले ते कसे, हे दाखवायला तो नावेत अर्धवट उभा राहिला.

"बसा खाली," निर्मलाकाकू म्हणाल्या. "पावणं, मगर न्हाय नि काय न्हाय. माझी वर्षाची चटणी हाय ती, पाच किलो. साडी नको, तशीच वत, असं ह्येच म्हणालं. आन् काल शनवारी दिवसभर ही नाव आमच्या अंगणात टायरावर उलटी हुती, वली."