मसाला बहुधा मी करपवला नाही

मित्रांनो, मी रायपूरच्या शंकर नगरातला एक जुना मिक्सर. आपली गोष्ट आपणच सांगावी इतकं माझ्यापाशी काही आहे, असं मला कधी वाटलं नाही. मी तोंड उघडलं की घरभर घरघर होते. माणसं बोलायची थांबतात, नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून आजवर गप्पच राहिलो. आता मात्र थकलो आहे, आणि थकलेल्याचं बोलणं कोणी फारसं मनावर घेत नाही. तेवढ्याच धीरावर बोलतो.

कारखान्यातलं मला फार आठवत नाही. तांब्याच्या तारेची गुंडाळी, धारदार पाती, स्टीलची लहानमोठी भांडी आणि शेवटी खोका. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तो खोका उघडला गेला. मला विकत घेणारे दिवाकरराव मूळचे वर्ध्याकडचे. भोपाळच्या सरकारी कचेरीतून नव्या राजधानीत बदलून आलेले. येताना घरचा लोखंडी खलबत्ता भोपाळलाच मोठ्या भावाकडे राहिला, आणि त्याच्या जागी मी आलो. त्यांच्या पत्नी वनमालाबाई यांनी माझ्याकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"याच्यात कुठं मसाला होते? चटणी वाटून देईल फार तर."

"अवं, राजधानीत आलो आपण," दिवाकरराव म्हणाले. "इथं काय कुटत बसतं आता?"

त्या वेळी मला वनमालाबाईंचंच म्हणणं पटलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही थोडं पटतं.

मसाला म्हणजे त्यांच्या घरचा रोजचा काळा मसाला. वांग्यात तोच, उसळीत तोच, रविवारच्या रश्श्यातही तोच. वर्षाचा एकदम करायचा, आणि तोही उन्हाळ्यात. धणे, मिरच्या, हळकुंडं गच्चीवर उन्हात पडायची. शहराबाहेरच्या उरला भागातल्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ बसू नये म्हणून वर जुनं पातळ अंथरलेलं असायचं. मग एकेक जिन्नस थोड्या तेलावर वेगळा भाजायचा. खोबरं वेगळं, तीळ वेगळे, दगडफूल सगळ्यांच्या शेवटी. काळ्या मसाल्यात रंगावर जाता येत नाही. तो काळा तर व्हायलाच हवा. जळण्याच्या किंचित अलीकडे थांबायचं असतं, आणि ती वेळ डोळे नाही, नाक सांगतं. वनमालाबाईंचं नाक त्या कामात पक्कं होतं. दुसरीकडे बघून बोलत असल्या तरी मध्येच वळून कढई उतरवायच्या.

त्यानंतर माझी पाळी यायची. थोडं फिरवायचं, बंद करायचं, भांड्याला हात लावून पाहायचं. भांडं गरम लागलं की त्या झाकण काढून ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, "थांब बापू, तापू नको." मसाला चाळला जायचा, बरण्या भरल्या जायच्या, एक बरणी दुर्गला नणंदेकडे जायची. सगळे म्हणायचे, काय हात आहे! माझं नाव कोणी काढायचं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी फक्त बारीक करतो.

वर्षं गेली. मुलगा स्वानंद मोठा झाला, त्याचं लग्न झालं. सून मंजिरी नव्या रायपुरातल्या कचेरीत नोकरीला. सकाळची बस धरायची असल्याने तिला चटण्या वाटायला वेळ नसे. माझ्यावर जुन्या पडद्याचं कापड शिवून घातलं गेलं. वर्षातून एकदा मसाल्यापुरतं ते निघायचं. आत अंधार होता, पण वाईट वाटलं नाही. माझे वाशर झिजले होते, बुडातून वंगणाचा वास यायचा. पडून राहणं बरं वाटू लागलं होतं.

पुढे तो आजाराचा काळ आला. घरातले सगळे आजारी पडले आणि सगळे बरे झाले. वनमालाबाईंचा वास तेवढा परत आला नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला मात्र कापडाच्या विरलेल्या जागेतून दिसलं, कारण दुपारी घर रिकामं असताना त्या माझ्याशेजारीच उभ्या राहून हिंगाची डबी उघडायच्या. नाकाशी धरायच्या, पुन्हा धरायच्या. एकदा पुटपुटल्या, "माती आहे नुसती." मग झाकण घट्ट लावून टाकलं.

का सांगितलं नाही? समोरच्या पाऱ्यात, म्हणजे गल्लीत, एका म्हाताऱ्या बाईंच्या हातून दूध उतू गेलं, गॅस विझला आणि वास घरभर पसरला. दुसऱ्या दिवसापासून सुनेने त्यांना स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. आता त्या दिवसभर दाराबाहेरच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहत असतात. वनमालाबाई त्यांना खिडकीतून रोज बघायच्या.

पहिल्या उन्हाळ्यात आजाराचं निमित्त होतं, मसाला झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात निमित्त उरलं नाही. अखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. त्या दिवशी या घरात पितरांना पान वाढतात, आणि नवा मसाला पहिल्यांदा त्या पानातल्या भाजीत पडतो.

घरात दिवाकररावांशिवाय कोणी नव्हतं. तेही बाहेरच्या खोलीत कूलरपुढे. वनमालाबाईंनी कढई चढवली. मी ओट्यावरून पाहत होतो. त्या वारंवार वाकत होत्या, चष्मा पुसत होत्या, जिन्नस बोटांत चुरडून बघत होत्या. खोबऱ्यापाशी फार वेळ गेला.

"काही करपून राहिलं का गं?" बाहेरून आवाज आला.

"उरलाकडचा धूर आहे जी! खिडकी लावून घ्या तुमची."

मग ते सगळं माझ्या भांड्यात आलं. खोबऱ्याने तेल सोडून कडेला चिकटायला हवं होतं. ते कोरडं, कडक होतं. दगडफूल तर पात्याला लागताच राखेसारखं उडालं. मला कळलं. पण मित्रांनो, मला घरघर सोडून दुसरं काही बोलता येत नाही. मी घरघरलो. त्यांनी बटण आणखी पुढे फिरवलं.

अखितीला दुर्गहून नणंद पद्मजाताई आल्या. फणसाची भाजी झाली. पितरांचं पान वाढेपर्यंत भाजी चाखायची नाही, असा नियम. एरवी त्याने काही अडत नसे. मंजिरी वाढपाच्या घाईत होती, तिने मसाल्याची बरणी उघडूनही पाहिली नव्हती. पान वाढून झालं, नमस्कार झाले, सगळे जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला थांबले.

"आई, ये कड़वा क्यों लग रहा है?" स्वानंदने विचारलं. तो लहानपणापासून हिंदीतच उत्तरं देतो.

पद्मजाताईंनी पाण्याचा पेला उचलला. "वहिनी, पितर यंदा पाणी पिऊनच गेले म्हणा!"

दिवाकरराव हसले. वनमालाबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली, माझ्यावर थांबली.

"मिक्सरनं केलं हे. लय तापते आता. मसाला आतल्या आत जळून जाते."

मला राग आला नाही. खरं तर मी विचारात पडलो. तापतो तर मी आहेच. कदाचित खरंच माझ्याने झालं असेल, असं वाटलं. आपल्यावर आळ आला की तो खरा असावा असं वाटण्याची मला सवय आहे.

"मग नवीन आणा न," पद्मजाताई म्हणाल्या, "अन् मले दुसरा मसाला करून द्या. जेठ महिना लागायच्या आधी येते मी न्यायले. बाजारचा खाऊन राहिलो आम्ही सालभरापासून, तोंडाची चव गेली."

स्वानंद म्हणाला, दुकानात जुना देऊन नवा मिळतो, रविवारी जातो. त्या दिवशी वनमालाबाई नीट जेवल्या नाहीत.

रविवार उजाडला. मंजिरीने माझी वायर गुंडाळली, स्वानंदने मला पिशवीत घातलं. माझं आयुष्य संपल्याचं मला फारसं दुःख नव्हतं. दमलेल्याला पिशवीतही झोप येते. पिशवी उचलली गेली, दारापर्यंत आली.

"ठेव खाली," वनमालाबाई म्हणाल्या.

"क्यों आई?"

"ठेव म्हणते न. त्याचा दोष नाही." त्या खुर्चीचा हात धरून उभ्या होत्या. "नवीन आणला तरी कडूच होईल, बाबू. मले वास येत नाही. त्या आजारापासून. हिंगाचाबी नाही."

दिवाकररावांनी पेपर खाली ठेवला.

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय होतं? गॅसले हात लावू नको म्हणाल. मग मी दिवसभर काय करू ते सांगा. ओट्यावर बसून गाड्या मोजू?"

मंजिरी पुढे आली. तिने पिशवीतून मला बाहेर काढलं. "म्हणून तुम्ही रोज मला विचारून राहिल्या होत्या, दूध ठीक आहे का बघ म्हणून," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यावर लक्ष ठेवून आहात."

"ठेवतच होती," वनमालाबाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडावरून कळे मले, दूध नासलं का नाही ते."

मंजिरीला हसू आलं आणि रडूही आलं. मग ती म्हणाली, "वास मला येतो आई. पण केव्हा उतरवायचं ते कुठं येतं?"

गॅस बंद आहे की नाही, हे आता दोघींनी पाहायचं ठरलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा कढई चढली. या वेळी मंजिरी कढईवर वाकली होती, आणि वनमालाबाई बाजूच्या स्टुलावर डोळे मिटून बसल्या होत्या.

"धणे पहिले ओल्या गवतासारखे येतात. मग लाह्यांसारखे. काय येऊन राहिलं?"

"गवत."

"हलवत राय."

"अजून गवतच आहे आई... थांबा. आता मुरमुऱ्यासारखं."

"मुरमुराच न? नक्की?"

"हव, मुरमुराच."

"उतरव!"

असा एकेक जिन्नस झाला. खोबरं, तीळ, शेवटी दगडफूल. वनमालाबाईंना प्रत्येकाचा वास तोंडपाठ होता. त्या सांगत होत्या, मंजिरी शोधत होती. सगळं माझ्यात आलं, बारीक झालं, तेव्हा त्या उठल्या, सवयीने उघड्या भांड्यावर वाकल्या. क्षणभर तशाच राहिल्या. मग सरळ झाल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याला विचारलं,

"कसा झाला?"

मंजिरीने चिमूट तोंडात टाकली. खोटं बोलली असती तर मला त्या भांड्यात तोंड लपवावंसं वाटलं असतं.

"दगडफूल थोडं कच्चं राहिलं, आई. मी भिऊन लवकर उतरवलं."

"राहू दे. भीतीनं लवकर उतरवलेलं सुधारता येते." त्यांनी भांडं मंजिरीपुढे सरकवलं. "टाक कढईत, थोडं अजून हलव. मी बसली आहे इथं."

मित्रांनो, उपदेश करण्याइतका माझा अधिकार नाही. पण एक विनंती करून ठेवतो. घरात कोणी एखाद्या जुन्या वस्तूला फार ठासून दोष देऊ लागलं, तर वस्तू जरूर तपासा. आम्ही बिघडतोच. पण त्या आधी दोष देणाऱ्याच्या शेजारी घटकाभर बसा, आणि तो काय लपवतो आहे ते हळूच विचारा. यंत्राची दुरुस्ती बाजारात होते. माणसाला मात्र घरातल्याच कोणीतरी विचारावं लागतं.