टाळूवरचा हात

"आधी टाचा बघ, एदु. मग डोकं. आणि डोक्यावर हात ठेव. डोळा भुलतो, हात भुलत नाही."

डॉन निकांद्रोंना जाऊन चार वर्षं झाली. तरी पार्कच्या फाटकातून आत शिरले की रोज पहिल्यांदा हाच आवाज कानी पडायचा. वीस वर्षं त्यांनी पाळण्यांपाशी बसून मुलांची उंची मोजली, आणि गुडघे गेले तेव्हा आपलं स्टूल मला दिलं. मी तेव्हा लिओनच्या बुटांच्या कारखान्यातून नुकतीच मोकळी झाले होते. तीस वर्षं टाचा ठोकण्यात गेली होती. "तुला काही शिकवायला नको," ते म्हणाले, "कुठल्या पोरानं पायात किती सेंटीमीटर घातलेत ते तुला लांबूनच कळेल."

कळायचंही. बुटात वर्तमानपत्र कोंबलेलं पोर कसं चालतं, आईच्या चपला घातलेली पोर कशी उभी राहते, ते मला पाठ झालं होतं. एकानं तर मक्याच्या पिठाच्या चार तोर्तिया घडी करून बुटात घातल्या होत्या. नुकत्याच तव्यावरून उतरलेल्या. बिचारा माझ्यासमोर नाचायला लागला, तेव्हा मीच त्याला बसवून बूट काढून दिले.

माझी जागा पुल्पोपाशी होती. पुल्पो म्हणजे आठ लोखंडी हातांचा पाळणा. प्रत्येक हाताच्या टोकाला दोन माणसांची पेटी, हात वर-खाली होतात आणि पेटी स्वतःभोवती गरगरते. दोघांच्या मांडीवर मिळून एकच आडवा दांडा. म्हणून एकशे वीस सेंटीमीटरच्या आतलं मूल नाही, म्हणजे नाही. पाळण्याच्या फाटकाशी लाकडाचा विदूषक उभा आहे, त्याचा पसरलेला हात बरोबर एकशे विसावर. डोकं हाताला टेकलं तर आत, नाहीतर घोड्यांच्या चक्राकडे.

"अहो दोन्या, घरी दाराच्या चौकटीशी एकशे एकवीस भरला होता!" एखादा बाप तावातावानं म्हणायचा. दोन्या म्हणजे बाईसाहेब; पार्कात सगळे मला तसंच म्हणत. "रस्त्यात आटला का?"

"चौकट फुगली असेल," मी म्हणायची. "पुढच्या वर्षी आणा. तो वाढेल, पाळणा तेवढाच राहील."

पाळणा चालवणारा चोन भोपळ्याच्या बिया चघळत हसायचा. "दोन्या एदुला स्वर्गाच्या दारात बसवलं ना, तर तिथला राखणदार संत पेद्रो उपाशी मरेल. कुणाला आतच सोडायची नाही ही!"

मी हसण्यावारी न्यायची. मी काय करत होते ते चोनला ठाऊक नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. प्रत्येक मुलाच्या टाळूवर हात ठेवला की केस दाबायचे, माप घ्यायचं, आणि त्याच वेळी मनात पवित्र आईला म्हणायचं, "आई, याला सांभाळ." मग एप्रनच्या खिशातला जपमाळेचा एक मणी पुढे. संध्याकाळी घरी दिवा लावून, दिवसभरात जितके मणी सरकले तितक्या मुलांसाठी जप. अकरा वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. तापातसुद्धा.

जानेवारीतला शेवटचा रविवार होता. हायवेच्या कडेनं सान हुआनला, तिथल्या कुमारी आईच्या देवळाला, चालत जाणाऱ्यांची रांग सकाळपासून लागली होती, कारण शुक्रवारी तिचा कान्देलारियाचा, मेणबत्त्यांचा सण. दुपारी चारच्या सुमाराला एक बाई मुलीचा हात धरून माझ्यापुढे आली. बाई तिशीची, अंगानं भरलेली, चेहरा आनंदानं फुललेला. मुलगी बारीक, पांढऱ्या फ्रॉकमधली. आणि डोक्यावर केसांचा एवढा मोठा आंबाडा, निळी फीत गुंफलेला, की मान कशी पेलते असं वाटावं.

मी आधी टाचा बघितल्या. साध्या सपाट चपला, लबाडी काही नाही. माझं मन तिथंच निवांत झालं. मग डोक्याकडे हात नेला.

"हात नका लावू, दोन्या!" बाई एकदम म्हणाली. मग ओशाळून हसली. "रागावू नका. नवसाचे केस आहेत. सान हुआनच्या आईचे."

माझा हात हवेतच थांबला.

आमच्या गावी नवसाच्या केसांना जन्मदात्रीशिवाय कुणी हात लावत नाही. लहानपणी खेळताना मी माझ्या धाकट्या भावाचे तसे केस ओढले होते, तेव्हा माझ्या आईनं मला दिवसभर जेवू घातलं नव्हतं. साठ वर्षांची झाले तरी ती भूक माझ्या हातानं लक्षात ठेवली आहे.

"नवस कशासाठी बोललीस?" मी विचारलं.

"सातव्या महिन्यात झाली. एवढीशी," बाईनं दोन तळव्यांत अंतर दाखवलं. ओंजळीत मावेल एवढं. "डॉक्टर म्हणाले, नाव ठेवून घ्या, बाप्तिस्मा उरकून घ्या. मी म्हटलं, आई, हिला ठेव. सात वर्षं कात्री लावणार नाही, मग चालत येऊन वेणी तुझ्या पायाशी ठेवीन. शुक्रवारी सात पूर्ण होतात. परवा आम्ही दोघी निघणार. म्हणून आज हिचे लाड."

"माझं नाव यारेत्सी," मुलगी म्हणाली. "मी चालणार आहे. उचलून घ्यायचं नाही, असं ठरलंय."

"जरा आंबाडा सोडशील का, पोरी?" मी आईला विचारलं.

"सोडला तर पुन्हा बांधायला अर्धा तास. मागे रांग बघा ना, दोन्या."

मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, पोरीचं लग्न ठरवताय का? सोडा की आत!" लोक हसले. यारेत्सी विदूषकाच्या हाताखाली ताठ उभी राहिली. आंबाडा हाताला टेकला. टेकला कसला, थोडा दबलाच.

"जा," मी म्हटलं.

खिशात मणी पुढे सरकवला. टाळूवर हात मात्र ठेवला नव्हता.

चोननं दांडे खाली केले. मारिसेलाच्या, म्हणजे त्या आईच्या, जाड मांड्यांवर दांडा अडला आणि कट्‌ आवाज झाला. यारेत्सीच्या बाजूला त्याच्याखाली मोकळी जागा राहिली असणार. मी पुढच्या मुलाच्या टाचा बघत होते.

गाणं सुरू झालं. लोखंडी हात उचलले गेले. दुसऱ्या फेरीला मी सहज मान वर केली.

वाऱ्यानं आंबाडा सुटला होता. निळी फीत उडाली, आणि केस उलगडत खाली आले, खांद्यावरून, पेटीच्या कडेवरून, काळ्या कापडाच्या ताग्यासारखे. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती मुलगी लहान झाली. मला दुसरे शब्द सुचत नाहीत. मघाशी जिथं डोकं होतं तिथं आकाश होतं, आणि डोकं पार खाली, दांड्याच्या जवळ. सहा वर्षांची, बारीक, कुठल्याच मापात न बसणारी पोर.

"चोन!" मी ओरडले. माझा आवाज मुळात लहान. आयुष्यभर देवळात कुजबुजण्यासाठी वापरलेला. गाण्याखाली तो मलाही ऐकू आला नाही.

मी स्टूल पाडून धावले. लाल बटणावर मी मूठ मारली की चोननं, ते आजही सांगता येत नाही. पण पुल्पो लगेच थांबत नाही. हात ओळीनं उतरतात, एकेक करून, सावकाश. त्या दोघींच्या पेटीचा हात सगळ्यात वर होता.

मी बघितलं. पांढरा फ्रॉक दांड्याखालून सरकला. आधी पाय बाहेर, मग कंबर. मारिसेलानं काय धरलं ते खालून दिसत नव्हतं. दिसलं एवढंच की मुलगी पेटीबाहेर लोंबकळते आहे, हात मोकळे, पाय मोकळे, आणि तरी पडत नाही. मग पेटी वळली. आईच्या दोन्ही मुठींत केस होते.

मूल किंचाळत नव्हतं. आईही नाही. गाणं तेवढं चालू होतं.

हात खाली यायला किती वेळ लागला, चोन म्हणतो बारा सेकंद. पेटी जमिनीशी आली तेव्हा आम्ही चौघांनी मुलीला खालून तोललं, तरी आईच्या मुठी उघडेनात. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. त्यासाठी मला केसांना हात लावावा लागला. केस ओले होते. माझ्या तळव्यावर लाल उतरलं तेव्हा मला ते रक्त आहे हे समजायलाच वेळ लागला. चोन शेजारी उभा होता. त्याच्या खालच्या ओठाला बीचं एक साल चिकटलेलं होतं, आणि ते काढायचं त्याला सुचत नव्हतं.

"आईनं वाचवलं!" रांगेतली एक बाई गुडघ्यावर बसली. "नवसाच्या केसांनीच वाचवलं! सान हुआनच्या आईनं वरून धरलं!"

मग सगळेच म्हणू लागले. लोक छातीवर क्रूसाची खूण करत होते, रडत होते, त्या विदूषकापाशी कुणी फुलं आणून ठेवली. आमचे व्यवस्थापक उगाल्दे धावत आले, रुग्णवाहिका निघून गेल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "चमत्कार झाला, दोन्या एदु. डोळ्यांनी बघितला आपण."

मी हात सोडवून घेतला. आयुष्यभर मी चमत्कारांवर विश्वास ठेवत आले आहे, आणि त्या दिवशी तो शब्द मला गिळवेना.

पार्क बंद झाल्यावर मी हॉस्पिटलात गेले. मारिसेला वऱ्हांड्यातल्या बाकावर बसली होती, मांडीवर औषधांच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. तिच्या बोटांना पट्ट्या होत्या.

"चौतीस टाके," ती म्हणाली. "डोक्याची कातडी एका बाजूनं सुटली होती. खांदा निखळला होता, तो बसवला. जगेल. बोलली सुद्धा. म्हणाली, मी रडले नाही ना? पुढच्या सोमवारपर्यंत हलवायचं नाही म्हणतात, आणि महिनाभर ऊन नाही, चालणं नाही." मग तिनं पिशवी थोडी उघडली. "टाके घालायला केस कापावे लागले, दोन्या. नर्सनं कापले. कात्रीनं. सात वर्षांत पाच दिवस राहिले होते."

मी तिच्याशेजारी बसले.

"तिची उंची किती भरली?" मी विचारलं.

"एकशे अकरा. औषध द्यायला मोजली मघाशी."

नऊ सेंटीमीटर. पुरुषाच्या बुटाला लावलेल्या तीन टाचा. बाकी कुणाला नाही, तीस वर्षं टाचा ठोकलेल्या मला नऊ सेंटीमीटर दिसले नाहीत.

"पोरी," मी म्हटलं, "लोक काय म्हणतात ते सोड. मी हात ठेवायला हवा होता. माझं काम तेवढंच होतं. मी मोजली नाही."

तिनं पिशवीचं तोंड पुन्हा बंद केलं. "मीच नको म्हटलं होतं."

"तू आई आहेस. तू म्हणणारच. मी तिथं त्यासाठीच बसते."

तिनं मला माफ केलं असं म्हणणं खोटं होईल. तिनं मान दुसरीकडे वळवली आणि हुंदका न देता रडली. मग पिशवी छातीशी घेऊन पुटपुटली, "वेणी शुक्रवारपर्यंत पोचायला हवी होती. मी पोरीला सोडून जाऊ शकत नाही. नवरा उत्तरेला, सीमेपलीकडे कामाला, त्याला कळवलंसुद्धा नाही अजून. सान हुआनच्या आईनं माझं राखलं, मी तिचं राखलं नाही."

"मी नेईन," मी म्हटलं.

"बसनं?"

"तू चालत म्हणाली होतीस ना?"

तिनं माझ्या पायांकडे बघितलं. सुजलेले, साठीचे पाय. "तीन दिवसांची वाट आहे, दोन्या."

"माहीत आहे. बायका असतात सोबत. शुक्रवारी आईच्या पायाशी ठेवीन. शब्द देते."

तिनं पिशवी लगेच दिली नाही. पण "नाही"ही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कात सरकारी तपासनीस आला, कागद आणि फूटपट्टी घेऊन. दांडा बघितला, कुलूप बघितलं, विदूषकाचा हात मोजला. हात एकशे विसावर बरोबर होता.

"मुलीची उंची?" त्यानं विचारलं.

"एकशे वीस," उगाल्दे पटकन म्हणाले. "दोन्या एदुनं स्वतः मोजली. अकरा वर्षांत एक चूक नाही. विचारा कुणालाही."

तपासनीसानं लिहायला पेन टेकवलं.

"एकशे अकरा," मी म्हटलं. "मी केस दाबले नाहीत. मोजलीच नाही."

उगाल्दे माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी देवळात थुंकले. "दोन्या, तुम्हाला धक्का बसलाय. घरी जा, पडा जरा."

"लिहा," मी तपासनीसाला म्हटलं. "हात न ठेवताच आत सोडली, असं लिहा."

चोननं फाटकापर्यंत सोबत केली. माझं स्टूल त्यानं काखेत मारलं होतं, जणू ते माझ्याबरोबर घरी जायचं होतं. "गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मग, मी सान हुआनला चालत निघणार हे सांगितल्यावर, खिशातून बियांची पुडी काढून माझ्या हातात कोंबली. "वाटेत खा. मीठ आहे, पायात गोळे येणार नाहीत."

मंगळवारी सकाळी सातला मी हॉस्पिटलात गेले. यारेत्सी झोपली होती, डोक्याला पांढरी पट्टी, तोंड थोडं उघडं. मारिसेला उठली. रात्री केव्हातरी तिनं ते केस धुतले होते, विंचरले होते आणि त्यांची वेणी घातली होती. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी. टोकाला नर्सबाईच्या पट्टीची दोरी, कारण निळी फीत सापडली नव्हती. तिनं वेणी पांढऱ्या रुमालात गुंडाळून माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हात पुढे केले.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्ही हात लावला तर चालेल आता."

मी मुलीजवळ गेले. पट्टीच्या वर, टाके नव्हते त्या जागी, श्वासाएवढा हलका हात ठेवला आणि मनात म्हटलं, आई, हिला सांभाळ. रविवारी राहून गेलेलं.

हायवेवर रांग चालूच होती. बायका डोक्याला टॉवेल गुंडाळून, पुरुष खांद्यावर तसबिरी घेऊन, एक म्हातारा अनवाणी. कुणी मला संत्रं दिलं, कशासाठी चालतेस ते कुणी विचारलं नाही. मी रुमाल छातीशी धरला, खिशातल्या जपमाळेचा पहिला मणी चाचपला, आणि उजव्या कडेनं, बाकीच्यांच्या मागून, चालायला लागले.