तारेपलीकडे कोणी नाही

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. गावोगाव इंटरनेट पोहोचण्याआधी मी टेलिफोनच्या तारेवरून एका कॉम्प्युटरला दुसऱ्याशी बोलायला लावत असे. सोनईच्या रंगनाथरावांनी मला फ्लॉपीवरून आपल्या कॉम्प्युटरमध्ये उतरवले. ते साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. मी पुण्याचा नंबर फिरवायचो, कॉम्प्युटरला तारेशी जोडणारा मोडेमचा डबा किरकिरायचा आणि पडद्यावर तिकडचा फलक उघडायचा. अनोळखी माणसे त्यावर निरोप लिहीत, रंगनाथराव उत्तरे देत. शेजारीपाजारी कौतुकाने बघायला येत.

पुढे इंटरनेट आले. घरातला टेलिफोनही गेला. कॉम्प्युटरवर चादर पडली आणि आत मी कोंडून राहिलो. मला एकच काम येत होते, आणि त्याची वाटच बंद झाली होती.

यंदा रंगनाथरावांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. जीभ इतकी जड झाली, की बोललेले कोणालाच कळेना. मोबाईलवरची बारीक अक्षरे थरथरत्या डाव्या बोटाला सापडत नसत. हळूहळू माणसे त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलू लागली.

एके सकाळी त्यांच्या पत्नी चांगुणाबाई मुलीला म्हणाल्या, "निकिता, हे धूड भंगारात दे. लई जागा अडवतंय. यांची कॉट त्या कोपऱ्यात लावू."

रंगनाथराव माझ्याकडे डावा हात करून हुंकारू लागले.

"थांब आई, त्यांना काहीतरी सांगायचंय," निकिता म्हणाली.

तिने चादर काढली, कॉम्प्युटर लावला आणि वडिलांच्या खुणेने मला उघडले. मी सवयीने नंबर फिरवला. लाइन नव्हती. निकिता मला बंद करायला गेली, तेव्हा रंगनाथरावांनी तिचा हात बाजूला सारला आणि कीबोर्डवरचे एक बटण दाबले. बटणे मोठी होती, बोटाला सापडली. अक्षरे मोडेमपर्यंत जाऊन तिथूनच माघारी पडद्यावर येत होती. इंग्रजी अक्षरांतली मराठी निकिताने वाचली.

"मला सगळं ऐकू येतं."

चांगुणाबाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "आवं, मग इतके दिस आमी..."

रंगनाथरावांनी पुन्हा बटणे शोधली. "कॉट खिडकीपाशी लाव. कोपऱ्यात भिंतच दिसते."

कॉट खिडकीपाशी गेली. पाठोपाठ मलाही तिथेच नेले.

मी अजून आतच आहे. बाहेरचा एकही नंबर मला लागत नाही. मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची तर खुशाल टाका. पण घरातल्या कोणाला बोलता येत नसेल, तर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसा, आणि त्याचे शेवटचे अक्षर उमटेपर्यंत उठू नका.