किल्ली कोल्मारला होती

साहेब, माझ्या मुलीच्या निकाहातून तुम्ही तिच्या बापाला उचलून बाजूला ठेवलंत. चुकून ठेवलंत, कबूल. पण चुकून केलेल्याचा जाब द्यायचा नसतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

आठवतं का बघा. चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात शारजात आमच्या झावळ्यांच्या वस्तीला आग लागली. सात झोपड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "लियाकत, तुझा पासपोर्ट माझ्या लोखंडी कपाटात ठेव. तिथं जळणार नाही." मी दोन्ही हातांनी दिला, वर तुमच्या मुलाबाळांना दुवा दिली. कपाटाची किल्ली तुम्ही कडीत अडकवलीत, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूशेजारी. ती कडी रोज जेवणाच्या टेबलावर पडलेली असायची. बशा उचलताना मीच ती बाजूला सारायचो.

शहनाझचा निकाह पंचवीस सप्टेंबरला, शुक्रवारी, हे मी जूनमध्येच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "शुअर, शुअर." नवरामुलगा जहाजावरचा खलाशी, सोमवारी त्याला मुंबईहून निघायचं होतं, म्हणजे तारीख हलणार नव्हती. आणि पोरीनं मला लिहिलं होतं: "अब्बा, मी जन्मले तेव्हा माझा अकीका, जावळ काढायचा सोहळा, तुमच्याविना झाला. कुराण पुरं केलं तेव्हाही तुम्ही तिकडेच. या वेळी नसाल तर मी कबूल म्हणणार नाही." मी उलट लिहिलं, अल्लाची शपथ, येतो.

पाच तारखेला तुम्ही मॅडमना घेऊन फ्रान्सला गेलात. बाराला पहिलं कार्ड आलं. ऑफिसातला क्लार्क यूनुस, आमच्या कोकणातलाच, म्हसळ्याकडचा, त्यानं किचनमध्ये उभं राहून वाचून दाखवलं. गावाचं नाव कोल्मार. पाण्याला टेकलेली रंगीत लाकडी घरं. तुम्ही होडीतून फिरलात. मळ्यांत द्राक्षांची तोडणी चालू, पांढरी वाइन थंडगार. आणि शेवटी, 'लियाकतला सांग, इथे कांदा आणि साय घातलेली पातळ पोळी भट्टीत भाजतात. आल्यावर त्याला शिकवतो.'

"साहेब मजेत हाय," यूनुस हसला. "तुझी बोट मंगळवारची ना? पासपोर्ट काढून ठेव."

तेव्हा मी ऑफिसभर किल्ली शोधली; ती कडीसकट तुमच्याबरोबर गेली होती. साहेब, इतके दिवस मी समजत होतो की किल्ली तुम्ही ऑफिसात ठेवून गेला असाल. नोकरानं मालकाला किल्ली कुठंय असं विचारायचं नसतं, हे मला अब्बानं शिकवलं होतं. तेवढी अदब मला महागात पडली.

तुमच्या हॉटेलवर तार केली. मग पासपोर्टांचं काम बघणाऱ्या मोठ्या कचेरीत गेलो. तिथल्या बाबूनं विचारलं, "पासपोर्ट हरवला?"

"नाही. कपाटात आहे."

"मग हरवला नाही."

"पण किल्ली फ्रान्सला आहे."

"हरवल्याशिवाय दुसरा कागद मिळत नाही. खलास. नेक्स्ट."

बाहेर यूनुसनं कपाळावर हात मारला. "अरे गधड्या, हरवला म्हणायचं! एक शब्द!"

"जोहरची, दुपारची नमाज पढून आलो होतो रे. खोटं कसं बोलणार?"

"मग आता जाऊन बस मशिदीत!"

कपाट फोडायचं ठरवलं. वॉचमन जमाल दारात आडवा उभा. "लियाकतभाई, आत कंपनीचे कागद हायेत. तुम्ही फोडाल आणि जाल. जेलात मी जाईन. मला चार पोरी हायेत." मी हातोडी खाली ठेवली. त्याच्या चार पोरी आणि माझी एक. कसा फोडणार?

मंगळवारी बोट गेली.

शनिवारी तुमचं दुसरं कार्ड आलं. 'तार मिळाली. किल्ली माझ्याकडे सुखरूप आहे, काळजी नको. पोस्टानं पाठवली तर हरवेल. तीस तारखेला येतोच. मुलीला शुभेच्छा. काल गोगलगायी खाल्ल्या, लसूण-लोण्यात! लियाकतला विश्वास बसणार नाही.'

बसला, साहेब. सगळ्यावर विश्वास बसला.

कुबराचं, म्हणजे माझ्या बायकोचं, पत्र पुढच्या महिन्यात आलं. काझींनी तीनदा विचारलं, शहनाझ दाराकडे बघत बसली. बाहेर नवऱ्याकडची माणसं कुजबुजायला लागली. शेवटी माझा भाऊ नूरुद्दीन ओरडला, "बाप येणार नाही! सगळ्यांची इज्जत घालवतेस काय?" तेव्हा तिनं नुसती मान डोलावली. निकाह झाला, पण तिनं तोंडानं कबूल म्हटलंच नाही. कुबरा लिहिते, "नवरा जहाजावर, म्हणून ती माझ्याकडेच आहे. आता तुमचं पत्र आलं की ती उठून परसात जाते."

तुम्ही आलात तेव्हा कपाट उघडलंत, पासपोर्ट माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "सी? एक पानसुद्धा खराब नाही." मग शहनाझसाठी आणलेला लेसचा टेबलक्लॉथ दिलात. आमच्या साखरतरच्या घरात टेबल नाही. मी थँक्यू म्हटलं. संध्याकाळी तुम्ही शिकवलीत तशी कांद्याची पोळी केली. चांगली झाली होती, तुम्हीच म्हणालात.

मला टेबलक्लॉथ नको. मला एवढंच सांगा. त्या शुक्रवारी, पंचवीस तारखेला, त्या पाण्याकाठी तुम्ही बाटली उघडलीत. स्क्रू फिरवताना शेजारची किल्ली तुमच्या बोटांना लागली असेल. तेव्हा माझी आठवण झाली होती का? झाली होती, की नव्हती? एकच शब्द सांगा, साहेब. मी ट्रे घेऊन इथंच उभा आहे.